स्थान, भाव आणि स्मरण

एखादे ठिकाण पवित्र असते म्हणजे नेमके काय असते, हा प्रश्न धर्मचिंतनात फार जुना असला, तरी पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर आणि तिच्या पूर्वेकडील डोंगराळ पट्ट्यात तो अजून ग्रंथांपुरता उरलेला नाही. तो वेशीवरच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी, भूकंपाने भेगाळलेल्या घरांत आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी उठवल्या गेलेल्या गावांत रोजच्या व्यवहाराचा भाग म्हणून उभा आहे. पावित्र्य त्या दगडात, डोंगरात, पाणवठ्यात असते, की त्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या मनात? पहिले उत्तर स्वीकारले, तर जागा सोडणाऱ्याचा देव मागेच राहतो. दुसरे स्वीकारले, तर देव माणसाबरोबर कोठेही नेता येतो, आणि मग गाव हलवणे ही घरातले सामान हलवण्यासारखीच बाब ठरते. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत मेंदूविज्ञानाने स्थानाची स्मृती आणि भावना यांच्या नात्याविषयी जे शोधून काढले आहे, ते या प्रश्नाला थेट भिडणारे आहे, आणि त्या प्रकाशात पाहिले असता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

महाराष्ट्राच्या धर्मपरंपरेत या दोन उत्तरांमधला ताण महानुभाव पंथाइतका उघडपणे क्वचितच अन्यत्र दिसतो. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी आपल्या अनुयायांना जो आचार सांगितला, त्यात स्वतःचा देश, स्वतःचे गाव आणि स्वतःचे आप्त यांच्याशी असलेला संबंध सोडण्याची आज्ञा आहे. ओळखीची जागा ओळखीच्या आसक्तीही जागवते, म्हणून साधकाने जेथे त्याला कोणी ओळखत नाही अशा मुलखात फिरत राहावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. परंतु स्वामी दृष्टीआड झाल्यावर त्यांच्याच अनुयायांनी ते कोठे बसले, कोठे निजले, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला त्यांनी भोजन केले, याच्या नोंदी इतक्या बारकाईने जपल्या की त्यांतून ‘स्थानपोथी’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध झाला, आणि त्या जागांवर बांधलेल्या ओट्यांना आजही वंदन केले जाते. ईश्वर सन्निध नसताना त्याचे स्मरण टिकवण्याची जी साधने पंथाने मानली, त्यांत प्रसाद म्हणजे स्वामींच्या स्पर्शाने पुनीत झालेली वस्तू, भिक्षू म्हणजे संन्यस्त अनुयायी आणि वासनिक म्हणजे गृहस्थ अनुयायी यांच्याबरोबर स्थानाचीही गणना होते. ज्या पंथाने स्वतःच्या गावाचा त्याग सांगितला त्यानेच परक्या गावातील ओटा मस्तकी धरावा, यात वरकरणी विसंगती दिसते. वस्तुतः दोन्ही आज्ञांच्या मुळाशी एकच जाण आहे. स्थान हे मनाला बांधते, ही गोष्ट ज्याला पक्की ठाऊक आहे, तोच एका स्थानापासून दूर जायला सांगेल आणि दुसऱ्या स्थानाजवळ राहायला सांगेल.

योगशास्त्राची परिभाषाही याच दिशेने जाते. पतंजलींनी ‘धारणा’ या अंगाची व्याख्या करताना चित्ताला एखाद्या देशाशी, म्हणजे ठिकाणाशी, बांधणे असा अर्थ सांगितला आहे. ते ठिकाण नाभी किंवा नासाग्र यांसारखे शरीरातले असो वा बाहेरचे एखादे आलंबन असो, ध्यानाची सुरुवात जागेपासून होते, ही गोष्ट त्या व्याख्येत गृहीत आहे.

आता मेंदूकडे वळावे. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळणदार भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा भासल्यामुळे जुन्या शरीररचनाकारांनी त्याला समुद्रघोड्याचेच ग्रीक नाव दिले. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या रुग्णाच्या अपस्मारावर उपचार म्हणून त्याच्या मेंदूतील हा भाग दोन्ही बाजूंनी बऱ्याच अंशी काढून टाकण्यात आला, आणि त्यानंतर त्याला घडलेल्या प्रसंगांची नवी स्मृती साठवता येईनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून स्मृतीच्या घडणीत या भागाचे स्थान प्रथम स्पष्ट झाले. पुढे 1971 साली जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या, की ज्यांतील एखादी पेशी उंदीर खोलीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात आला की उद्दीपित होते, आणि दुसरी पेशी दुसऱ्या कोपऱ्यात. अशा पेशींना स्थानपेशी म्हणतात. 2005 साली मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांच्या प्रयोगशाळेने हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात जाळीपेशी शोधल्या, ज्या अंतर आणि दिशा यांचे मोजमाप षट्कोनी जाळ्यासारख्या नियमित आकृतीत मांडतात. ओकीफ आणि दोघे मोसर यांना 2014 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधांमधली तत्त्वचिंतकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हा अंतस्थ नकाशा चालण्यातून, वळण्यातून, त्याच जागी पुन्हा पुन्हा येण्यातून घडतो आणि स्थिर होतो. शिवाय, 1994 साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवल्याप्रमाणे, दिवसा वावरलेल्या जागेच्या स्थानपेशी त्यानंतरच्या झोपेत पुन्हा एकमेकींच्या साथीने उद्दीपित होतात, म्हणजे पायांनी केलेली प्रदक्षिणा मेंदू निद्रेत पुन्हा करतो.

हिप्पोकॅम्पसच्या अगदी पुढच्या टोकाला लागून बदामाच्या आकाराचा एक पेशीसमूह असतो. ग्रीक भाषेतील बदामाच्या शब्दावरून त्याला अमिग्डाला म्हणतात, आणि भय, सावधानता, तसेच सुखद अपेक्षा यांच्या घडणीत त्याचा मोठा वाटा असतो. या लेखात त्याला भावकेंद्र म्हटले आहे, मात्र मेंदूतील सर्व भावना तेथेच राहतात असा त्याचा अर्थ नव्हे. ही दोन केंद्रे शेजारी आहेत एवढेच नव्हे, तर ती एकमेकांच्या कामात सतत सहभागी असतात. जेम्स मॅकगॉ यांच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा आहे, की उत्कट प्रसंगी शरीरात स्रवणारी संप्रेरके अमिग्डालाच्या एका भागामार्फत हिप्पोकॅम्पसवर परिणाम करतात, आणि त्यामुळे त्या प्रसंगाची स्मृती अधिक पक्की बसते. 1992 साली रसेल फिलिप्स आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगातून आणखी एक सूक्ष्म भेद दाखवला. एका ठरावीक आवाजापाठोपाठ विजेचा सौम्य धक्का मिळालेला उंदीर पुढे त्या आवाजालाही भितो आणि जेथे धक्का बसला त्या पिंजऱ्यालाही भितो; अमिग्डालाला इजा केली तर दोन्ही भये नाहीशी होतात, परंतु केवळ हिप्पोकॅम्पसला इजा केली तर आवाजाचे भय टिकते आणि जागेचे भय तेवढे जाते. भय उत्पन्न करणे हे एका केंद्राचे काम आहे आणि त्या भयाला ठिकाण देणे हे दुसऱ्याचे. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे. भावनेचा परिणाम नकाशावरही होतो, हे 2004 साली लेडू यांच्याच सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले: भयाचा अनुभव आल्यानंतर त्या जागेच्या काही स्थानपेशींनी आपले मूळचे स्थान बदलले, म्हणजे भिंती त्याच असूनही मेंदूच्या लेखी ती जागा अंशतः वेगळी झाली.

पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड आणि जव्हार या भागांतील वारली समाजाच्या धर्माचरणात या भेदाची फार जुनी जाणीव दिसते. गावाच्या शिवेवर, जंगलाच्या तोंडाशी किंवा पायवाटेच्या कडेला वाघोबाचे ठाणे असते: लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघाची आकृती कोरलेली, बहुधा वर चंद्रसूर्य, आणि त्यावर शेंदूर. आश्विनातल्या वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, त्याची पूजा होते, त्याला मान दिला जातो, आणि त्याने आपली हद्द राखून गुराढोरांना व माणसांना सांभाळावे अशी मागणी केली जाते. या पूजेकडे निसर्गाच्या भीतीतून जन्मलेला प्राथमिक धर्म म्हणून पाहण्याची सवय मानववंशशास्त्राच्या जुन्या ग्रंथांनी लावली. ती दृष्टी अर्धीच खरी आहे, आणि राहिलेला अर्धा भाग अधिक मोलाचा आहे. जंगलातला वाघ किंवा बिबट्या कोठेही असू शकतो. त्याचे भय संध्याकाळी अंगणात, पहाटे पाणवठ्यावर, मूल दृष्टीआड गेले की मनात, असे सर्वत्र पसरलेले असते. वाघोबाचे ठाणे त्या पसरलेल्या भयाला एक जागा देते. तेथे पाय थबकावेत, नारळ फोडावा, नवस बोलावा, आणि तेथून पुढे मन मोकळे करून चालावे. भय संपत नाही, कारण वाघ संपलेला नाही आणि वारल्याला तो संपावा असेही वाटत नाही. परंतु ज्या भयाला ठिकाण मिळाले त्याच्याशी वागण्याची रीत ठरवता येते. त्या ठिकाणी भयाबरोबर आदरही बसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या येण्याजाण्याने आधारही बसतो. मानसशास्त्राला परिचित असलेल्या कितीतरी उपचारांपेक्षा ही रीत अधिक विचारपूर्वक घडलेली आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

जागा तीच राहून तिच्यातील भाव पालटू शकतो, याला प्रयोगशाळेतही दुजोरा मिळाला आहे. 2014 साली सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने एका भीतिदायक अनुभवाच्या वेळी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सक्रिय झालेल्या पेशींना खुणा केल्या, आणि नंतर उंदीर सुखद अनुभव घेत असताना त्याच पेशी प्रकाशाच्या साहाय्याने उद्दीपित केल्या. त्यानंतर त्या पेशींच्या उद्दीपनाशी भयाऐवजी सुखाची जोड बसली. हाच प्रयोग अमिग्डालामधील पेशींवर केला असता मात्र पालट झाला नाही. याचा अर्थ असा लावता येतो, की स्थानाची स्मृती स्वतः भयाची नसते आणि सुखाचीही नसते. ती एका पात्रासारखी असते, आणि तिच्याशी जोडलेला भाव योग्य अनुभवाने बदलू शकतो. उंदरावरील प्रयोगावरून माणसाच्या श्रद्धेबद्दल थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते, की वाघ दिसलेल्या शिवेचे देवस्थान होणे ही मेंदूच्या प्रकृतीला धरून घडणारी गोष्ट आहे.

याउलट ज्या भयाला ठिकाणच मिळत नाही, त्याचे स्वरूप 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत दिसले. धुंदलवाडीच्या परिसरात त्या महिन्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि ते महिनोन्‌महिने थांबले नाहीत; एका मोठ्या धक्क्याऐवजी कमी खोलीवरचे असंख्य लहानमोठे धक्के एकाच टापूत बसत राहतात, अशा घटनेला भूकंपमालिका म्हणतात, आणि तिच्या नोंदीसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे यंत्रे बसवली. बहुतेक धक्के सौम्य होते, काही चारच्या आसपास तीव्रतेचे. भिंतींना तडे गेले, लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या, थंडीत तंबूंत मुले निजवली गेली. अशा वेळी घर, म्हणजे ज्याच्या आठवणीने माणूस अन्यत्र धीर धरतो ते स्थान, भीतीचे स्थान झाले, आणि ज्या जमिनीवर देवाचे ठाणे उभे असते तीच जमीन अविश्वसनीय ठरली. वाघाला शिवेवर थांबवता येते. पायाखालच्या धरतीला, जिला वारली समाज धरतरी म्हणून पूजतो, तिला कोणत्या शिवेवर थांबवावे? मालिकेतील एखादा धक्का किती मोठा होता यापेक्षा पुढचा धक्का केव्हा आणि कोठे याचे उत्तर नसणे, हेच त्या दिवसांतील खरे ओझे होते.

बोईसर आणि तारापूरच्या परिसरात आधुनिक जगाने अशाच ठिकाणहीन भयाची भर घातली आहे. तारापूर येथील अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 साली सुरू झाले आणि भारतातील व्यापारी अणुवीजनिर्मितीचा आरंभ तेथे झाला. त्यानंतर शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि रसायनांच्या कारखान्यांतील स्फोटांनी गावोगावच्या खिडक्या हादरण्याचे प्रसंग तेथील लोकांनी अनेकदा अनुभवले. किरणोत्साराला रूप, रस, गंध नाही. त्याच्या भयाला वाघोबासारखी आकृती देता येत नाही, आणि केंद्राच्या सुरक्षिततेची कितीही ग्वाही दिली तरी ते भय पुसता येत नाही, कारण ते कशाला चिकटले आहे हेच मनाला कळत नाही. केंद्र देशाला वीज देते, अनेक कुटुंबांना पोसते, हे खरे आहेच. येथे प्रश्न हानिलाभाच्या हिशेबाचा नसून, भावनेला जागा न मिळण्याचा आहे.

दीर्घकाळच्या ताणाने मेंदूत काय घडते, याचा एक मूलगामी अभ्यास भारतातच झाला आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चटर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी 2002 साली दाखवले, की उंदरांना दहा दिवस रोज काही काळ जखडून ठेवले असता हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडतात, आणि त्याच ताणाने अमिग्डालामधील पेशींच्या फांद्या मात्र वाढतात. 2004 साली त्यांनी पुढची गोष्ट सांगितली: ताण थांबवून उंदरांना तीन आठवडे शांत ठेवल्यावरही अमिग्डालामधली ती वाढ ओसरली नाही आणि त्यांची भयग्रस्तताही टिकून राहिली. ठिकाण ओळखणारे केंद्र ज्या काळात दुबळे होते, नेमक्या त्याच काळात भय उत्पन्न करणारे केंद्र बळावते, आणि ते बळ नंतरही उरते. म्हणजे, ज्या माणसाला आपल्या भयाला जागा देण्याची सर्वांत अधिक गरज असते, त्याचीच जागा देण्याची शक्ती क्षीण झालेली असते. ज्या समाजाने शिवेवर, विहिरीवर, चौकात आणि डोंगरमाथ्यावर आपली ठाणी आधीच बांधून ठेवली आहेत, त्या समाजातील माणसाला ही शक्ती एकट्याने निर्माण करावी लागत नाही. ती त्याच्यासाठी भोवतालच्या भूमीत साठवून ठेवलेली असते.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे योग्य नाही. पावित्र्याचा अनुभव जर दोन पेशीसमूहांच्या सहकार्यातून निपजत असेल, तर देवस्थान म्हणजे मेंदूने स्वतःच्या सोयीसाठी रचलेला आभास ठरत नाही काय? या आक्षेपाला न्यायदर्शनात एक उत्तर आहे, जे आधुनिक परिभाषेपेक्षा अधिक नेमके आहे. नैयायिकांच्या मते अनुभवाने आत्म्यावर एक संस्कार उमटतो, परंतु संस्कार आहे एवढ्याने स्मरण होत नाही. त्याला जागे करणारे एक निमित्त लागते, त्याला ते उद्बोधक म्हणतात. गौतमांच्या न्यायसूत्रांत अशा निमित्तांची लांबलचक यादी येते, आणि तीत सादृश्य, अभ्यास, आश्रय व आश्रित यांचा संबंध, सुख, दुःख, इच्छा, द्वेष यांच्याबरोबर भयाचाही स्पष्ट निर्देश आहे. म्हणजे स्मरणाला दोन टोके आहेत, एक आतले आणि एक बाहेरचे, आणि यांपैकी कोणतेही एक टोक नसेल तर स्मरण घडत नाही. हिप्पोकॅम्पसमधली स्थानपेशी हे आतले टोक. पण ती ज्या कोपऱ्यात उद्दीपित होते तो कोपरा बाहेर खरोखर असावा लागतो. डोळ्यातील पेशींशिवाय रंग दिसत नाही म्हणून फुलाला आभास म्हणणे जसे चुकीचे, तसेच मेंदूशिवाय पावित्र्य जाणवत नाही म्हणून स्थानाला आभास म्हणणे चुकीचे आहे. मेंदूविज्ञानाने ईश्वराबद्दल काही सिद्ध केलेले नाही आणि काही खोडूनही काढलेले नाही. त्याने एवढेच दाखवले आहे, की पावित्र्य हे दगड आणि मन या दोहोंमधल्या येण्याजाण्यात राहते, आणि ते येणेजाणे पायांनी, काळात, पुन्हा पुन्हा घडावे लागते.

हे मान्य केले की वारली लग्नातील देवचौकाचे मर्मही उलगडते. लग्नाच्या वेळी सवासिणी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, धवलेरी, म्हणजे विधीची गाणी गाणारी स्त्री, आपल्या गाण्यांनी देवतांना आवाहन करते, आणि चौकात पालघट देवी प्रकटते. कार्य झाल्यावर तो चौक जपून ठेवायची वस्तू राहत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी पुढे ही चित्रकला कागदावर व कापडावर नेऊन जगभर पोहोचवली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तरी मुळात चौक म्हणजे देवीला दिलेली जागा आहे. म्हणजे जागा नव्याने करता येते. मात्र ती करण्यासाठी गाणारी स्त्री, सारवलेली भिंत, जमलेले कुळ आणि ठरलेली रीत हे सारे त्या ठिकाणी असावे लागते.

देवता स्वतःच जागा बदलते, अशीही एक कथा याच जिल्ह्यात सांगितली जाते. डहाणूची महालक्ष्मी मूळची डोंगरमाथ्यावरची. एक गरोदर भक्त स्त्री गड चढताना थकून मूर्च्छित पडली, तेव्हा देवीला तिची दया आली आणि आपणच पायथ्याशी येऊन राहू असे तिने वचन दिले, म्हणून विवळवेढे येथे खालचे मंदिर झाले, अशी लोककथा आहे. धर्मविचाराच्या दृष्टीने ही कथा विलक्षण आहे, कारण तीत स्थलांतराचे कारण करुणा आहे आणि स्थलांतर भक्ताचे नसून देवाचे आहे. परंतु त्याहून लक्षणीय आहे ते कथेनंतरचे आचरण. देवी खाली आली म्हणून माथा विसरला गेला नाही. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हा वाघाडी गावचे पुजारी रात्रीच्या काळोखात ध्वज घेऊन तो अवघड डोंगर चढतात आणि शिखरावर ध्वज लावतात. जुने स्थान आणि नवे स्थान यांच्यामधली वाट दरवर्षी पायांनी जिवंत ठेवली जाते, आणि त्या वाटेमुळे खालचे मंदिर उपरे ठरत नाही.

तारापूरच्या किनाऱ्यावरील पोफरण आणि अक्करपट्टी या गावांच्या वाट्याला आलेले स्थलांतर असे नव्हते. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी ही गावे उठवण्यात आली. ते संच 2005 आणि 2006 साली सुरू झाले, प्रत्येकी 540 मेगावॅट क्षमतेचे, आणि गावांतील कुटुंबे पुनर्वसनासाठी उभारलेल्या वसाहतीत गेली. मोबदला, घरे, रोजगार यांविषयीचे वाद न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि ते महत्त्वाचे होतेच. परंतु ज्या माणसाच्या अंगात भरतीओहोटीच्या वेळा, होडी ओढण्याची वाट, घरापासून समुद्रापर्यंतची पावले आणि त्या वाटेवरचे देव एकाच नकाशात बसलेले होते, त्याच्या नुकसानीची मोजणी गुंठ्यांत होऊ शकत नाही. त्याच्या मेंदूतील नकाशा नष्ट झालेला नसतो. त्या नकाशाशी जोडलेले प्रेम, भय, शोक आणि भक्तीही नष्ट झालेली नसते. नाहीसे झालेले असते ते नैयायिकांच्या भाषेतील उद्बोधक, म्हणजे ज्याच्यापाशी जाऊन हे सारे जागे व्हावे आणि पुन्हा शांत व्हावे ते बाहेरचे टोक. अशा माणसाला त्याचे मन गावातच अडकले आहे असे म्हणून समजावण्यात येते, आणि त्यागाचा उपदेशही केला जातो. चक्रधरांच्या अनुयायांनी गाव सोडले ते स्वतःच्या निश्चयाने आणि एका मोठ्या स्मरणासाठी. ज्याला उठवण्यात आले त्याला तो उपदेश लागू करणे हा त्या आचाराचा अपमान आहे.

भूसंपादन आणि पुनर्वसन यांविषयीचा 2013 चा कायदा पोफरणच्या स्थलांतरानंतर आला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित वसाहतीत कोणत्या सोयी असाव्यात याची यादी आहे, आणि तीत स्मशानभूमी आहे, तसेच दर पन्नास कुटुंबांमागे पूजास्थान आणि पार यांचीही तरतूद आहे. कायद्याने देवाची आणि मृतांची दखल घेतली, हे पूर्वीच्या परिस्थितीच्या मानाने मोठे पाऊल आहे. परंतु त्या यादीत जुन्या गावाकडे नेणारी वाट नाही. नवे देऊळ बांधून मिळेल. जुन्या ठाण्याकडे वर्षातून एक दिवस, कुंपणाचे दार उघडून, पहारेकऱ्यांच्या देखरेखीत का होईना, सहकुटुंब चालत जाण्याचा हक्क मिळणार नाही. सुरक्षेचे नियम अशा एका दिवसासाठी वाकवणे अवघड असेल, पण अशक्य नसावे, आणि वारसांना तो हक्क मिळाला तर ज्या मुलांनी जुने गाव पाहिलेले नाही त्यांच्याही मेंदूत त्याचा नकाशा त्यांच्या स्वतःच्या चालण्यातून घडेल. महालक्ष्मीचा ध्वज ज्या रात्री शिखरावर चढतो, त्या रात्री तो डोंगर पायथ्यापासून फारसा दूर नसतो. पोफरणचा किनाराही नव्या वसाहतीपासून काही दूर नाही.